वंशावळीत न बसणारी माणसं

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायला निघालाय. परवा वाशीला भाच्याकडे त्याची मुद्रितं चाळायला मिळाली. आमच्या वडिलांच्या नावापुढे लिहिलंय, 'पुत्र २, कन्या ३'. त्या तिघींतली एक मी! जन्मभर हजेरीपटावर पोरापोरींची नावं लिहिली आणि घरच्या पटावर मी नुसता आकडा.

भाचा म्हणाला, "आत्या, जुनी पद्धत आहे ती." प्रस्तावनेत त्याने कान्होजी जेध्यांचा दाखलाही दिलाय, घराणं असावं तर असं म्हणून. अरे, दाखला द्यायचाच तर पुरता दे ना.

रोहिड खोऱ्याचे हे देशमुख, भोरजवळच्या कारीचे. १६५९ साली अफजलखानाला मिळा म्हणून आदिलशहाचं फर्मान आलं. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कान्होजी पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. एवढं आम्ही वर्गात शिकवायचो. मीही एवढंच शिकवलं, कबूल करते.

पण त्याच घराण्याचा जेधे करिना काय सांगतो? वतनाच्या भांडणात कान्होजींचा बाप भाऊबंदांनीच मारला. तान्ह्या पोराला वाचवलं ते दाईने आणि देवजी महाल्याने. देवजीने ते मूल मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांकडे पोचवलं. बाजींनी ते वाढवलं, पुढे आपली लेक सावित्री त्याला दिली. म्हणजे रक्ताचे होते ते मारायला उठले. ज्यांच्यामुळे वंश राहिला त्यातलं एकही माणूस बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या रेघेवर बसत नाही. सांगा आता, जेध्यांचं घराणं म्हणजे नक्की कोण?

आणि जुनी पद्धत म्हणाल तर गोतसभेत देशमुख-पाटलांबरोबर बलुतेदारही बसत. महजरावर पाटलाचा नांगर, तसा न्हाव्याचा आरसा. लिहिता न येणाऱ्याचीही निशाणी कागदावर राहायची. आमच्या गुळगुळीत, रंगीत कुलवृत्तांतात तेवढीही सोय नाही. कुणाची किती एकर जमीन आणि कोण अमेरिकेत, हे मात्र ठळक अक्षरात.

राग आहेच, पण थोडा स्वतःवरही आहे. माझ्या जन्माच्या वेळी गावची सुईण रात्रभर आईपाशी बसून होती. आईने तिचं नाव मला कितीदा तरी सांगितलं होतं. मी ते कुठे लिहून ठेवलं नाही, आणि आता आठवत नाही. थोरल्या बहिणीला नेरुळहून फोन केला, तिलाही नाही.

भाच्याला सांगितलंय, लेकींची, सुनांची, त्यांच्या माहेरची नावं घाल, मग वर्गणी देते. तो म्हणतो, पानं वाढतील.

वाढू देत. वाढलेल्या पानांचे पैसेही मीच देईन.