ढाल भिंतीवर, मुलगी घरात

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी. नाव लिहीत नाही, ती आता मोठी झाली आहे आणि हे वाचेलही. तालुक्याच्या नाटिका स्पर्धेत तिनं रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीचं काम केलं. बारा मिनिटांची नाटिका. त्यात तिच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटं. सभागृहात हशा पिकला, मग एकदम शांतता पसरली. अभिनयाचं पहिलं बक्षीस तिला मिळालं. दुसऱ्या दिवशी ढाल घेऊन मी तिच्या घरी गेलो. अब्बांनी ती दोन्ही हातांनी घेतली, भिंतीवर घड्याळाशेजारी जागा केली, मला चहा पाजला आणि निघताना म्हणाले, "सर, इनाम मिला ना, अब बस."

या "अब बस"वर मी अजून विचार करतो. त्या माणसाला मुलीचं कौतुक नव्हतं असं नाही. शेजाऱ्यांना बोलावून तो ढाल दाखवत होता. पण बक्षीस म्हणजे काम संपल्याची पावती, असं त्याला वाटलं. आणि तसं वाटण्यात त्याची एकट्याची चूक नाही. नव्या कलावंतांना आपण जे काही देतो ते बहुतेक असंच असतं. हार, शाल, ढाल, फोटो. मग जो तो आपल्या घरी.

सरकारी पातळीवरही फार वेगळं नाही. संगीत नाटक अकादमीनं २००६ पासून उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार सुरू केला. संगीत, नृत्य, नाटक यांतल्या चाळिशीपर्यंतच्या कलावंतांसाठी, रक्कम पंचवीस हजार रुपये. उस्तादांचं नाव दिलं याचा मला मनापासून आनंद आहे. चाळिशीपर्यंत युवा म्हटल्याचाही आहे, म्हणजे मीही परवापरवापर्यंत युवक होतो! पण २०१९, २०२० आणि २०२१ या तीन वर्षांचे पुरस्कार १०२ कलावंतांना एकदमच जाहीर झाले, ते २०२२ च्या नोव्हेंबरात. मध्ये कोरोना होता, मान्य. मात्र टाळेबंदीत थिएटरं बंद होती, नर्तकांचे वर्ग बंद होते, नटांच्या घरात पैसा येत नव्हता. पंचवीस हजारांची खरी गरज तेव्हाच होती.

खुद्द बिस्मिल्ला खाँ कसे घडले? मामूंनी शहनाई हातात दिली, बनारसच्या मंदिरात बसून वर्षानुवर्षं रियाज झाला. सन्मान नंतर आले, पुष्कळ आले. आधी मामू होते आणि बसायला जागा होती. आपल्या बार्शीच्या शाहीर अमर शेखांना तरी कुणी युवा पुरस्कार दिला होता? कामगारांच्या सभा आणि संयुक्त महाराष्ट्राची मैदानं हाच त्यांचा महोत्सव, आणि तो रोज असायचा.

बाहेर काय घडलं ते पाहावं म्हणून मी गेल्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या आशियाई रंगभूमीविषयी वाचत आलो आहे. तिथे 'आशियाई' म्हणजे मुख्यतः भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून गेलेली माणसं. १९७६ मध्ये लंडनच्या साऊथॉल भागात गुरदीपसिंग चग्गर या शीख तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला. त्या संतापातून जतिंदर वर्मा आणि त्यांच्या मित्रांनी १९७७ मध्ये 'तारा आर्ट्स' ही नाट्यसंस्था काढली. पहिलं नाटक टागोरांचं. तेरा वर्षांनी, १९९० मध्ये, याच वर्मांनी लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये मोलिएरचं 'तार्त्युफ' मुघलकालीन भारतात नेऊन बसवलं. या तेरा वर्षांत काय चाललं होतं? छोट्या जागांमध्ये प्रयोग, फसलेले प्रयोग, पुन्हा प्रयोग. आपल्या लोकांची इंग्रजी जशी बोलली जाते तशी रंगमंचावर आणायची हा वर्मांचा हट्ट होता. त्यांनी तिला नावही दिलं, 'बिंग्लिश'.

इथे मला आमची रांगेतली म्हातारी आठवते. परीक्षकांनी त्या दिवशी मुलीची पाठ थोपटली आणि वर सल्ला दिला, उच्चार शुद्ध करा. अहो, ती ज्या बाईचं काम करत होती ती बाई तशीच बोलते! आमच्या मोहल्ल्यातली मराठी तशीच आहे, तिच्यात दखनी मिसळलेली आहे. मुलीनं ते हेरलं होतं, म्हणून तर सभागृह गप्प झालं होतं. मी मराठी शिकवतो, शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दाखवतो, पण रंगमंचावरच्या माणसाची बोली ही चूक नसते. उर्दू शाळांची मुलं स्पर्धेत उतरतात तेव्हा हा सल्ला त्यांना हमखास मिळतो, आणि पुढच्या वर्षी ती नाव देत नाहीत.

ब्रिटनमध्ये १९८९ साली 'तमाशा' नावाची दुसरी संस्था निघाली. नाव ऐकून मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर फड उभा राहील, पण ते सोडा. सुधा भुचर आणि क्रिस्टीन लँडन-स्मिथ या दोघींची ही संस्था. अयुब खान-दीन नावाचा एक नट होता, वडील पाकिस्तानी, आई इंग्रज. त्यानं आपल्या घरावरून एका नाटकाचा पहिला खर्डा १९८० च्या दशकातच लिहून ठेवला होता. तो कित्येक वर्षं पडून होता. 'तमाशा'नं नव्या लेखकांसाठी कार्यशाळा घेतली, तिथे त्या लिखाणाला वाट मिळाली आणि १९९६ मध्ये 'ईस्ट इज ईस्ट' रंगमंचावर आलं. पुढे १९९९ मध्ये त्याचा सिनेमा झाला, ओम पुरींनी त्यात बापाचं काम केलं. पुरस्कार मिळाले ते नाटक रंगमंचावर आल्यानंतर.

नृत्यातलं उदाहरण अक्रम खान यांचं. १९७४ मध्ये लंडनमध्ये बांगलादेशी कुटुंबात जन्म. लोकनृत्य आईकडून, सातव्या वर्षापासून कथक प्रताप पवार यांच्याकडे. कोवळ्या वयात पीटर ब्रूक यांच्या 'महाभारता'त काम. स्वतःची कंपनी २००० मध्ये. बापाच्या देशाविषयीच्या 'देश' या त्यांच्या एकल नृत्यनाट्याला ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला तो २०१२ मध्ये, म्हणजे वयाच्या अडतिसाव्या वर्षी. आईनं सात वर्षांच्या पोराला घुंगरू बांधायला पाठवलं नसतं तर त्या पुरस्काराला नावच मिळालं नसतं.

म्हणून पुरस्कार नकोत का? नाही, मी तसं म्हणत नाही. बीबीसीनं २०१५ मध्ये तरुण नर्तकांची स्पर्धा सुरू केली तेव्हा बॅले, समकालीन, हिप-हॉप यांच्या जोडीला दक्षिण आशियाई नृत्याचा स्वतंत्र गट ठेवला. त्या गटात पहिल्याच वर्षी जिंकलेली विद्या पटेल ही कथक नर्तिका पुढच्याच वर्षी रिचर्ड ऑल्स्टन यांच्या समकालीन नृत्यसंस्थेबरोबर नाचली. २०२२ मध्ये गट काढून टाकले, सगळे एकाच रांगेत, आणि जिंकली भरतनाट्यम करणारी आद्या शास्त्री. वेगळा गट ही मेहेरबानी आहे, अशी टीका आपल्याकडेही होते. मला वाटतं, दार उघडेपर्यंत तो लागतो. बक्षिसातून पुढचं काम मिळालं, तर बक्षीस सार्थकी लागलं.

आता आपल्या घरचं. "नाच-गाणं आपल्यात चालत नाही" हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकतो. धर्माचा निवाडा करणं माझं काम नाही, ते आलिमांनी करावं. पण हेच वाक्य बोलणारे लोक कव्वालीला पहाटेपर्यंत बसतात, मुलीच्या नाटकाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. कथकला वाजिद अली शाहांच्या लखनऊनं वाढवलं हे अभिमानानं सांगतात. अभिमान इतिहासाचा, अडचण फक्त आपल्या घरच्या मुलीची. मुलाला निदान "कमाई काय होणार" एवढंच विचारतात. मुलीला ते विचारायच्या आधीच थांबवतात.

आमच्या गावात दर जूनमध्ये गुणगौरव होतो. दहावी-बारावीच्या मुलांना ढाली, पाहुण्यांना शाली, मंडप, बिर्याणी. चांगला कार्यक्रम आहे, मीच सूत्रसंचालन करतो. मागच्या वर्षी मी समितीला म्हणालो, या वर्षी पाहुण्यांच्या शाली कमी करा आणि तेवढ्या पैशात नाटिकेचा आणखी एक प्रयोग करू द्या. हॉलचं भाडं, मुलांचं एसटीचं तिकीट, उशीर झाला तर मुलींना घरी सोडायला एक रिक्षा आणि सोबत एक बाई. ही शेवटची बाब सगळ्यात महत्त्वाची. कितीतरी मुली तालमीवाचून राहतात त्या विरोधामुळे नाही, तर संध्याकाळी सातनंतर घरी कोण आणून सोडणार या प्रश्नामुळे. समितीत बराच वेळ खल झाला. एका बुजुर्गांनी विचारलं, "पण यात बक्षीस कुणाला मिळणार?" कुणालाच नाही म्हटल्यावर त्यांना ते काही पटेना. शेवटी रिक्षा आणि हॉलचे पैसे मंजूर झाले. शालीही राहिल्याच.

ती मुलगी आता डी.एड. करते. शनिवारी दुपारी शाळेत येऊन लहान मुलींची तालीम घेते. त्याच नाटिकेची. म्हातारीचं काम करणाऱ्या सातवीतल्या पोरीला ती उच्चार अजिबात दुरुस्त करू देत नाही, मलाही नाही. प्रयोग पुढच्या महिन्यात आहे. परवा मी तिच्या अब्बांना दुकानात भेटून आमंत्रण दिलं. बोलता बोलता कळलं, स्पर्धेच्या दिवशी त्यांचं दुकान उघडं होतं, ते आलेच नव्हते. भिंतीवर सहा वर्षं ढाल आहे, पण त्यांनी मुलीचं काम कधी पाहिलेलं नाही. मी विनंती केली, या वेळी मुलीनंच एकदा म्हातारी करून दाखवावी, तालमीपुरती का होईना. ते वजनकाट्याकडे बघत म्हणाले, "जुमे के दिन दुकान जल्दी बंद होता है, सर. जुमे को रखो."

आम्ही शुक्रवार ठरवला आहे.