पिवळा दिवा

यंदा वसुबारसेला आमच्याकडे पहिला दिवा लागला तो अंगणात नव्हे, गाडीत! आईला कोल्हापूरला मावशीकडे न्यायचे होते. दोघी बहिणींची तीन वर्षांत गाठ नव्हती, आणि मावशीचे वय पाहता ती पुढे ढकलण्यासारखीही नव्हती. किल्ली फिरवली, बाकीचे दिवे विझले. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा मात्र विझेना.

“लुकलुकत नाही ना?” सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न नेमका होता. लुकलुकला, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे आणि धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने जळू शकतो, असे समजून गाडी थांबवावी. आमचा स्थिर होता.

पहिल्या गॅरेजात यंत्र जोडले. आकडा आला ‘पी ०१७१’. “ऑक्सिजन सेन्सर गेला, साहेब. साडेसहा हजार. माल यायला चार दिवस.” म्हणजे भाऊबीज तिथेच!

कोपऱ्यावरचे म्हातारे मिस्त्री हसले. “मास्तरांनी पोराची तक्रार केली, म्हणून मास्तरांनाच काढायचं का?” (मी मास्तर, मला हे तत्काळ पटले.) तो आकडा म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. वजनाने पेट्रोल १ भाग, तर हवा १४.७ भाग लागते. व्याकरणात असा द्वंद्व समास मी पाहिलेला नाही! सेन्सरला धुरात जादा प्राणवायू दिसला की गाडीतला संगणक पेट्रोल वाढवतो; वाढवून वाढवून मर्यादा संपली, की दिवा लावतो.

मिस्त्रींनी ती वाढच वाचली. गाडी उभ्याने चालू असता २४ टक्के. मिनिटाला २५०० फेऱ्यांवर अवघी ६. “पंप अशक्त असता तर जोर लावल्यावर आकडा चढला असता. हा उतरतोय. हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून कुठून तरी हवा आत शिरतेय. फेऱ्या वाढल्या की तेवढीशी चोरी जाणवत नाही.”

मग टॉर्च घेऊन ते वाकले. रबराची बोटभर नळी, वाकणापाशी चिरलेली. नवी नळी, मजुरी धरून साडेतीनशे. आकडा पुसला, उभ्या गाडीची वाढ ३ टक्क्यांवर आली. आई एवढा वेळ मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसून होती. उतरायला तयारच नव्हती.

रात्री कोल्हापुरात मावशी दारातच उभी. दोघींनी एकमेकींना पाहिले, आणि पहिले भांडण निघाले ते उशीर का झाला यावरून.