किगूंदाची दीड एकर

केनियातल्या लिमुरूजवळच्या कामिरिथू गावानं १९७७ साली जे नाटक उभं केलं, त्याची गोष्ट आपल्या प्रत्येक नाट्यशिबिरात सांगितली जावी, असं मला मनापासून वाटतं. न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी ‘न्गाहिका न्देंदा’ इंग्रजीत नव्हे, गिकुयूत लिहिलं. खुलं नाट्यगृह गावकऱ्यांनीच बांधलं. तालमी सगळ्यांसमोर चालत आणि बघायला आलेले शेतमजूर, कामगार एखादा संवाद खोटा वाटला की तिथल्या तिथे सुधारून देत. नाटकातल्या किगूंदा या शेतमजुराच्या घरात दीड एकराचा कागद जपून ठेवलेला आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याचा सातबाऱ्यावर असतो, तसा त्याचा त्या कागदावर जीव. श्रीमंत किओई त्याला चर्चमध्ये रीतसर लग्न लावून घ्यायला भरीस पाडतो. लग्नासाठी कर्ज, कर्जापायी जमीन गहाण, आणि मग ती दीड एकरही श्रीमंतांच्याच घशात. इंग्रज गेले तरी जमीन कसणाऱ्याची झाली नाही, हे प्रेक्षक रोज भोगतच होते. तेच दुखणं आता त्यांच्याच माणसांच्या तोंडून, त्यांच्याच बोलीत जाहीरपणे बोललं जाऊ लागलं, आणि सरकारला नेमकं तेच झोंबलं. दीड महिन्यात प्रयोगांचा परवाना रद्द झाला. वर्षअखेरीस न्गुगी वा थिओंगो यांना खटल्याविना तुरुंगात टाकलं. १९८२ मध्ये पोलिसांनी नाट्यगृहच जमीनदोस्त केलं. नाटक मात्र टिकलं. २०२२ मध्ये ते नैरोबीत पुन्हा गिकुयूत रंगलं.