महागाई कुंडीत मावत नाही



मार्चअखेर घड्याळं एक तास पुढे सरकली की इंग्लंडातल्या मराठी घरांत बियाण्यांच्या गप्पा सुरू होतात. कुणी मेथी पेरतं, कुणी अळूचा कंद कुंडीत लावतं, कुणी खिडकीतल्या कढीपत्त्याला थंडीतून वाचवल्याची कथा रंगवून सांगतं. यात वाईट काहीच नाही. पण २०२२ पासून या गप्पांना एक शेपूट चिकटलं आहे : "महागाईच्या नावाने रडत बसण्यापेक्षा भाजी घरी पिकवा!" वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या हेच सांगतात, आणि मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवड्याचा घास घेता घेता आपलेच लोकही हेच सांगतात. भांडण आहे ते या शेपटाशी, मेथीशी नाही.

आधी आकडे पाहू. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण वापर असलेल्या घरासाठी वीज आणि गॅसची वार्षिक दरमर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती. एप्रिल २०२२ मध्ये ती १,९७१ झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरसाठी ३,५४९ पौंडांचा आकडा जाहीर झाला, तेव्हा सरकारला मध्ये पडून तो २,५०० च्या आसपास रोखावा लागला. पाठोपाठ अन्नाची भाववाढ मार्च २०२३ मध्ये वर्षाला १९ टक्क्यांच्या वर गेली. पुढे भाव चढण्याचा वेग उतरला, पण चढलेले भाव पुन्हा जुन्या जागी आले नाहीत. 'महागाई कमी झाली' या मथळ्यात आणि दुकानातल्या पावतीत फरक पडतो तो इथे.

वीज-गॅसची महागाई आणि अन्नाची महागाई या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. नत्रयुक्त खतांना लागणारा अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो. वायू महागला तसा २०२२ मध्ये चेशरमधला खतकारखाना कायमचा बंद करण्याचा निर्णय झाला आणि बिलिंगहॅमच्या कारखान्याने अमोनिया बनवणं थांबवलं. लंडनच्या उत्तरेला ली व्हॅलीत काचघरांत काकडी, ढोबळी मिरची पिकवणाऱ्या कित्येकांनी त्या हिवाळ्यात लागवड लांबवली किंवा सोडूनच दिली, कारण काचघर तापवणं परवडत नव्हतं. त्यात स्पेन आणि मोरोक्कोत हवामान बिघडलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुपरमार्केटांत टोमॅटो-काकडीवर 'माणशी तीन' अशा पाट्या लागल्या. त्या वेळच्या पर्यावरण आणि अन्न खात्याच्या मंत्री तेरेझ कॉफी यांनी संसदेत लोकांना ऋतूप्रमाणे खाण्याची आणि सलगमाची आठवण करून दिली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू. समजा तुमच्या घरामागे दहा चौरस मीटर मोकळी माती आहे. हात चांगला असेल, पाऊस-ऊन वेळेवर असेल आणि गोगलगाईंनी दया दाखवली, तर चौरस मीटरमागे तीन किलो बटाटा निघेल. म्हणजे एकूण तीस किलो. त्यातून साधारण २३ हजार कॅलरी मिळतात. एका माणसाला दिवसाला दोन हजार धरल्या, तर एका माणसाचे साडेअकरा दिवस. चौघांच्या घराचे तीन दिवससुद्धा नाहीत! आणि हे मालकीची माती असणाऱ्याचं गणित आहे. पाचव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने काय करायचं? मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या वाचतील, आणि त्यात खरोखर फायदाही आहे. पण पोळीचं पीठ, तेल, तूरडाळ आणि दूध कुंडीत उगवत नाही. गॅसच्या बिलाचं तर विचारूच नका. ज्या डिसेंबर-जानेवारीत बिल सर्वात मोठं येतं, त्याच महिन्यांत बाग गोठून झोपलेली असते.

मग हा सल्ला कुणाला लागू पडतो? ज्याच्याकडे माती आहे, वेळ आहे आणि पहिल्या वर्षी कंपोस्टच्या पिशव्यांवर, वाफ्यांच्या फळ्यांवर खर्च करायला पैसे आहेत, त्याला. म्हणजे ज्याला महागाईची झळ सर्वात कमी लागते, त्यालाच. वृद्धाश्रमात रात्रपाळी करून सकाळी दुसऱ्या कामावर जाणाऱ्या बाईला नाही. एका खोलीत तिघं राहून शिकणाऱ्या मुलांना नाही. या मुलांच्या आणि नव्याने आलेल्या कामगारांच्या व्हिसावर 'सरकारी मदतीचा हक्क नाही' असा शेरा असतो. भाडं, फी आणि मीटर यांत त्यांचे पैसे संपतात, आणि उरतं ते पोटाला चिमटा काढणं. ही मुलं परकी नाहीत. गणपतीला आपल्याच पंगतीत शेवटी बसून दोनदा भात मागून घेणारी आपलीच मुलं आहेत. त्यांना 'कुंडीत पेर' असं सांगणं हा सल्ला नव्हे, हात झटकणं आहे.

"पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी परसातच भाजी पिकवली ना?" हा प्रश्न हमखास येतो. हो, पिकवली. पण 'डिग फॉर व्हिक्टरी'ची गोष्ट अर्धी सांगू नका. १९३९ मध्ये सरकारने हुकूम काढून पडीक जमिनी ताब्यात घेण्याचा अधिकार काउन्सिलांना दिला. बागा, मैदानं, अगदी टॉवर ऑफ लंडनचा खंदकसुद्धा भाजीखाली आला. पत्रकं, प्रात्यक्षिकं, मार्गदर्शन सरकारने पुरवलं. आणि मुख्य म्हणजे जानेवारी १९४० पासून रेशन लागू झालं. लॉर्ड असो की हमाल, साखर, लोणी, बेकन मापूनच. लोकांनी घाम गाळला हे खरं, पण जमीन सरकारने दिली आणि वाटपाची हमीही सरकारने घेतली. युद्धकाळात अलॉटमेंटची, म्हणजे भाजीसाठी भाड्याने मिळणाऱ्या तुकड्यांची, संख्या चौदा लाखांच्या आसपास पोचली होती. आज ती साधारण ३ लाख ३० हजार असल्याचा अंदाज दिला जातो. उरलेली जमीन कुणाच्या आळसामुळे गेली नाही. तिच्यातल्या बऱ्याच भागावर बांधकामं झाली आणि कुणी हिशेब मागितला नाही.

आपल्याकडचाही इतिहास आठवा. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. धान्य, तेल, रॉकेल महागलं तेव्हा त्यांनी गृहिणींना काटकसरीची व्याख्यानं दिली नाहीत. काटकसर त्या गृहिणींना पाठच होती! त्यांनी हातात लाटणी दिली, थाळ्या बडवल्या आणि मोर्चे मंत्र्यांच्या दारात नेले. स्वयंपाकघरातली वस्तू रस्त्यावर आणली. आज आपण उलट करतो आहोत. रस्त्यावरचा प्रश्न उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन ठेवतो आहोत.

काहीजण म्हणतील, "परक्या देशात आलो आहोत, कशाला मागण्या करायच्या?" काउन्सिल टॅक्स भरताना आपण परके नसतो. आणि हे लक्षात घ्या : भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून इथे रीतसर राहणाऱ्या प्रौढांना मतदारयादीत नाव नोंदवता येतं, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. कित्येकांना हे ठाऊकच नसतं.

हे मत भाजीच्या कामीही येतं. १९०८ चा स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स कायदा इंग्लंड-वेल्समध्ये अजून जिवंत आहे. त्याच्या कलम २३ नुसार फक्त सहा मतदारांनी किंवा काउन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी लेखी मागणी केली, तर काउन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. मागणी खरी आहे असं काउन्सिलला पटलं, तर पुरेसे तुकडे उपलब्ध करून देणं तिचं कर्तव्य ठरतं. (लंडनच्या आतल्या बरोंना हे बंधन नाही. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.) पारंपरिक पूर्ण तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या वरच्या गणितातल्या परसाच्या पंचवीसपट. चार कुटुंबांनी वाटून घेतला, तर बटाटा, कांदा, पालक, घेवडा यांना अर्थ येतो. रात्रपाळीच्या बाईला रोज पाणी घालायला जावं लागत नाही, कारण पाळ्या लावता येतात.

यावर "काउन्सिलकडे जमीन कुठे आहे?" असं उत्तर मिळेल. १९३९ मध्येही ती आकाशातून पडली नव्हती. शोधली म्हणून सापडली.

आणि जमीन मिळाली तरी तिथे थांबून चालणार नाही. २०२२ या एका वर्षात शेलचा नफा ४० अब्ज डॉलरच्या आसपास गेला. त्याच हिवाळ्यात थकबाकीदारांच्या घरांत वॉरंट घेऊन शिरून प्रीपेड मीटर बसवले जात होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओरड झाली तेव्हा ते थांबवावं लागलं. ओरड झाली म्हणून थांबलं! लंडनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मोफत मिळू लागलं, तेही वर्षानुवर्षं लोकांनी मागणी लावून धरल्यावर. त्या एका निर्णयाने मुलांच्या ताटात जे वाढलं, ते शहरातल्या सगळ्या खिडक्यांतल्या कुंड्यांनी मिळून वाढलं नसतं.

तेव्हा मेथी जरूर पेरा. मुलांना माती लागू द्या. अळूची पानं शेजाऱ्यांना द्या आणि वड्या कशा करायच्या तेही सांगा. पण बी पेरायच्या त्याच शनिवारी आणखी दोन कामं करा. मतदारयादीत नाव आहे का ते तपासा, आणि आपल्या भागातली सहा नावं गोळा करून काउन्सिलला पत्र धाडा. त्या सहांत किमान दोघं अशी असू द्या, ज्यांच्या घराला परसच नाही.