नाताळाचा चौथा दिवस

नाताळ म्हणताच गोठा, तारा, मेंढपाळ आणि गव्हाणीत निजलेले बालक एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि ख्रिस्ती उपासनेत नाताळ हा एका दिवसाचा सण नव्हे. कॅथलिक परंपरेत तो २४ डिसेंबरच्या सायंकाळी आरंभ पावतो आणि जानेवारीत, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, समाप्त होतो. या काळातील प्रत्येक दिवसाला शुभवर्तमानाचा एकेक उतारा नेमून दिलेला असून, त्या दिवसाचे चिंतन आणि प्रवचन त्याला धरूनच व्हावे असा प्रघात आहे. आमचे आयुष्य हरिकथेत आणि संस्कृत ग्रंथांच्या अध्ययनात गेले. नित्यपाठ आणि निरूपण यांचे मोल आम्ही जाणतो, म्हणूनच शेजाऱ्यांच्या या परंपरेविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने वाचनांचा नवा क्रम सिद्ध केला. रविवारांसाठी तीन वर्षांचे आवर्तन ठरले. नाताळकाळातील इतर दिवसांची शुभवर्तमाने मात्र दरवर्षी तीच असतात. हा क्रम विलक्षण आहे. २५ तारखेला जन्माचा आनंद. २६ ला लगेच पहिला हुतात्मा स्तेफन याचे स्मरण, आणि शिष्यांना न्यायसभांपुढे ओढून नेले जाईल हा येशूचा इशारा. २७ ला योहानाच्या सणानिमित्त रिकाम्या कबरीची कथा. आणि २८ ला, म्हणजे चौथ्या दिवशी, मत्तयाने सांगितलेला तो दारुण प्रसंग: हेरोद राजाला आपल्या सिंहासनाची भीती वाटते, तो बेथलेहेम आणि परिसरातील दोन वर्षांखालील मुलगे मारण्याची आज्ञा देतो, आणि योसेफ मरिया व बाळ यांना घेऊन रातोरात मिसर देशाकडे निघतो. गोठ्यातील दिवे अजून मालवलेलेही नसतात, तोच मातांचा आक्रोश ऐकावा लागतो.

नेमलेल्या वाचनाचे सामर्थ्य यातच आहे. पारायणास बसलेल्या वाचकाला आवडीचा अध्याय निवडता येत नाही. जो पुढे येईल तो वाचावा लागतो. आम्हां कीर्तनकारांना पूर्वरंगासाठी अभंग निवडण्याची मोकळीक असते, आणि त्या मोकळिकीबरोबर मोहही येतो. श्रोत्यांना गोड वाटेल तेच निवडावे, सभामंडप प्रसन्न राहील तेच गावे. नेमलेला उतारा वक्त्याला या मोहापासून वाचवितो. तो वक्त्याची सोय पाहत नाही, श्रोत्यांचीही पाहत नाही.

गेल्या काही वर्षांत या चौथ्या दिवसाला भयंकर अर्थ प्राप्त झाला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलवर हमासचा हल्ला झाला. ठार झालेल्यांत आणि पळवून नेलेल्यांत बालके होती. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो बालके मृत्युमुखी पडली. ज्या बेथलेहेमात ही कथा घडली म्हणतात, तेथे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी नाताळाचा सार्वजनिक थाट रद्द झाला. उपासना तेवढ्या झाल्या. २०२३ मध्ये तेथील ल्यूथरन चर्चमध्ये गव्हाणीऐवजी पडक्या घरांच्या दगडमातीचा ढीग रचून त्यात बाळाची मूर्ती ठेवण्यात आली. या दोन्ही वर्षी २८ डिसेंबरला जगभरच्या कॅथलिक वेदींवर हेरोदाचीच कथा वाचली गेली. कोणी समिती बसवून हा विषय निवडला नव्हता. तो दिनदर्शिकेत आधीच लिहिलेला होता.

परंतु येथेच निरूपणकाराची कसोटी लागते. अशा उताऱ्याचे शस्त्र करणे फार सोपे असते. शुभवर्तमानातील वचनांचा आधार घेऊन शतकानुशतके ज्यू समाजावर सामूहिक दोष लादला गेला, हा इतिहास आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तो दोषारोप स्पष्ट शब्दांत नाकारला. मत्तयाचा रोख एका सत्तांध राजावर आहे, कोणत्याही लोकसमूहावर नाही. शिवाय त्या मातांच्या शोकासाठी तो शब्द घेतो ते यिर्मया संदेष्ट्याचे, आणि रडणारी माता म्हणून उभी करतो ती ज्यूंची पूर्वज राहेल! शोक करणारीही त्या परंपरेतली आणि शोकाची भाषाही तिचीच. हे ध्यानी घेतले, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मृत बालकांसाठी एकाच डोळ्यांनी रडता येते. न घेतले, तर धर्मग्रंथ हातात असूनही मनुष्य केवळ आपल्या पक्षाचे कीर्तन करतो.

२०२५ मध्ये आणखी एक विचार करण्याजोगी गोष्ट घडली. ऑक्टोबरात शस्त्रसंधी झाला होता, आणि डिसेंबरात दोन वर्षांच्या खंडानंतर बेथलेहेमच्या चौकातील नाताळवृक्ष पुन्हा उजळला. त्या वर्षी २८ डिसेंबर रविवारी आला. त्यामुळे कॅथलिक क्रमानुसार बालहुतात्म्यांच्या जागी पवित्र कुटुंबाचा सण झाला. त्या दिवशीचे वाचन मत्तयाच्या त्याच अध्यायातील होते: मिसरला पलायन आणि तेथून परतणे. मधली, बालहत्येची वचने तेवढी त्या उताऱ्यात नाहीत. उलट, १९९२ च्या सामाईक वाचनक्रमानुसार चालणाऱ्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत त्याच रविवारी तो उतारा अखंड नेमलेला होता. कुटुंबाच्या सणाला कुटुंबाचीच कथा यावी, हे समजण्यासारखे आहे. तरीही आम्हांस वाटते, बाळ वाचले एवढे सांगून जी बाळे वाचली नाहीत त्यांच्याविषयी मौन पाळले, तर पलायनाचे कारणच श्रोत्यांना उमगत नाही. निर्वासित कोणी हौसेने होत नाही.

हा विचार मराठी मातीला परका नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तकथेसाठी भजन-कीर्तनाची वाट धरली. वसईच्या चर्चमधून आज शुभवर्तमान मराठीतच ऐकू येते. कथा येशूची असली, तरी ती ऐकण्याची रीत आपल्या ओळखीची आहे.

आता दररोज सकाळी भ्रमणध्वनीवर सुवचने येतात. सर्वच धर्मांची येतात. ती बहुधा निवडून घेतलेली, गोड आणि निरुपद्रवी असतात. त्यांनी दिवस प्रसन्न होतो, पण अंतःकरण रुंद होतेच असे नाही. आपल्या उत्सवांतूनही आपण दुःखाचे अध्याय हळूच वगळीत असतो. जन्मोत्सवाचा पाळणा गाताना कारागृहातील देवकीचे आधीचे पुत्र कितीजणांना आठवतात? सणाच्या आनंदात रडणाऱ्या मातेसाठी एक दिवस राखून ठेवणे, आणि तो टळू नये म्हणून पंचांगातच लिहून ठेवणे, हे शहाणपण कोणत्याही धर्माने कोणाकडूनही घ्यावे असेच आहे. सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींस नाताळाच्या शुभेच्छा देताना त्यांच्या चौथ्या दिवसालाही आमचे वंदन असो.