दोन माणसांचा तंबू, पण कुठल्या दोन माणसांचा?

कोजागिरीच्या रात्री मंडळाच्या हॉलच्या स्वयंपाकघरात मी मसाला दूध ढवळत उभी होते. तेवढ्या वेळात तीन जोडप्यांनी येऊन एकच प्रश्न विचारला, "आम्हाला बॅकपॅकिंगला जायचंय, दोघांपुरता तंबू कुठला घ्यावा?" दूध उतू जाईल या धास्तीने मी तिघांना तीन उत्तरं दिली आणि त्यातलं एक चक्क चुकीचं होतं. ज्यांना मी "हलक्यात हलका घ्या" असं सांगितलं, त्यांनी कृपा करून ते विसरावं. नीट उत्तर द्यायचं तर हातातला डाव खाली ठेवायला हवा, म्हणून हा लेख.

हा विषय वार्तापत्रात कशाला, असं कुणाला वाटेल. दिवाळी अंक, मराठी शाळा, नाटकाची तिकिटं हे सोडून तंबू कुठे? पण मंडळी, आपल्यातले कितीतरी जण हौसेने एकदा जंगलात मुक्कामाला जातात, एक रात्र तळमळत काढतात आणि घरी येऊन जाहीर करतात की हे गोऱ्यांचे छंद, आपल्याला नाही जमायचे. मग मुलंही तेच ऐकत मोठी होतात. दोष असतो तंबूचा आणि बोल लागतो रानाला. आमच्या घरातही दोन वर्षं हेच चाललं होतं.

खरं तर आपल्याला डोंगर नवे नाहीत. कॉलेजच्या दिवसांत राजगडावर पद्मावतीच्या देवळात, रतनगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर गुहेत सतरंजी टाकली की मुक्काम झाला. तंबू ही आपल्या लेखी मोगलांची चीज. संताजी घोरपड्यांनी औरंगजेबाच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून आणले, ही गोष्ट ऐकत आपण वाढलो. तंबूचे तणावे कापायचे असतात एवढं ठाऊक होतं, बांधायचे कसे हे कुणी शिकवलं नाही. इथे मात्र रानात देऊळ नाही. आपल्या न्यू जर्सीतून ॲपलाचियन ट्रेल सत्तर मैलांच्या आसपास जाते. वाटेत तीन भिंतींचे लाकडी निवारे लागतात, पण जो आधी येईल त्याची जागा. भरवसा ठेवायचा तो पाठीवरच्या घरावरच.

तर आमची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी आणि नवरा डेलावेअर वॉटर गॅपहून वर चढून सनफिश पाँडच्या अलीकडच्या बॅकपॅकर मुक्कामाच्या जागी गेलो. (तळ्याकाठी मुक्कामाला मनाई आहे, आणि या राज्यातल्या ट्रेलवर शेकोटीलाही.) तंबू स्वस्तातला, एका मोठ्या दुकानातून खोक्यावरचा '२' हा आकडा बघून उचललेला. डोक्याकडे अठ्ठेचाळीस इंच रुंद, पायाकडे चाळीस. दार एकच, तेही पायाकडे. रात्री पाऊस सुरू झाला, भिंती आत झुकल्या, आमच्या स्लीपिंग बॅगा त्यांना टेकल्या आणि दोनच्या सुमाराला दोघांचेही पाय ओले. नवऱ्याला बाहेर जायचं होतं, तेव्हा तो अंधारात माझ्या अंगावरून रांगत गेला आणि परत येताना चिखलासकट आला. पहाटे तीनला तो म्हणाला, "इथेच आत स्टोव्ह लावतो, चहा करू आणि जरा ऊबही येईल." मी नाही म्हटलं. लग्नाला आठ वर्षं झाली, पण इतकं कडाक्याचं भांडण आधी नाही आणि नंतर नाही. शेजारच्या तंबूतल्या लोकांना मराठी येत नव्हतं, एवढंच नशीब.

त्या भांडणात मी बरोबर होते, आणि याबाबतीत मी कुणाचंच ऐकणार नाही. बंद तंबूत स्टोव्ह, कोळसा, शेगडी काहीही पेटवू नका. अपुऱ्या हवेत जळण जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि झोपेतून माणूस उठत नाही. तंबूचं कापड वितळून अंगावर पडतं ते निराळंच. "चेन थोडी उघडी ठेवू" हा उपाय नव्हे. थंडी वाजत असेल तर ती बॅगेने आणि मॅटने घालवायची, स्टोव्हने नाही.

आता रुंदीचं बोलू, कारण माझ्या मते निम्मी लढाई तिथेच आहे. 'दोन माणसांचा' याचा कारखान्यातला अर्थ असा, की वीस इंची दोन मॅट शेजारी मावतात. बहुतेक दोनजणी तंबू पन्नास इंचांच्या आसपास रुंद असतात. आपल्याकडे साध्या फुल साइझच्या पलंगाची गादी चोपन्न इंचांची असते आणि क्वीनची साठ. म्हणजे घरी ज्या गादीवर दोघांना अडचण होते, त्याहून अरुंद जागेत आपण ओल्या भिंतींच्या मधोमध झोपायला निघालो आहोत. पंचवीस इंची ऐसपैस मॅट असतील, तर पन्नास इंचांत सुईसुद्धा शिरणार नाही. म्हणून मी म्हणते की दोघांनी चोपन्न-छप्पन्न इंच रुंदीचा तंबू शोधावा, किंवा सरळ तीनजणी घ्यावा. मुद्दाम पायाकडची रुंदीही बघा, कारण जाहिरातीत आकडा डोक्याकडचा असतो. भिंती सरळ उभ्या आहेत की तिरप्या, हेही बघा. जमीन तेवढीच, पण तिरप्या भिंतींत बसलं की केस ओले. उंच माणसाला लांबी किमान सव्वासात फूट लागते, नाहीतर पायाकडचं कापड बॅगेला लागणारच.

दारं दोन हवीत, दोन्ही कुशींना. यावर मी हटून बसते. प्रत्येक दाराबाहेर रेनफ्लायची जी छोटी जागा असते, तिला इंग्रजीत काहीही म्हणोत, ती आपली पडवी. चिखलाचे बूट आणि ओल्या बॅगा तिथे. खाणं मात्र पडवीतही नाही. आपल्या चिवड्याला, बेसनाच्या लाडवाला आणि लोणच्याला जो वास आहे तो अस्वलाला आपल्याआधी कळतो. त्या मुक्कामी पेट्या ठेवलेल्या आहेत. योसेमिटीच्या रानात मुक्काम करायचा तर कडक डबा, म्हणजे बेअर कॅनिस्टर, सक्तीचा आहे.

वजनाबद्दल दुकानदार फार घाबरवतात. तीन पौंडांचा किंवा त्याहून हलका तंबू घ्यायचा तर चार-पाचशे डॉलर सहज जातात. सहा पौंडांचा ऐसपैस तंबू दीडशे ते अडीचशेत मिळतो. हा सहा पौंडांचा तंबू दोघांत वाटला, म्हणजे एकाकडे कापड आणि दुसऱ्याकडे पोल, मेखा व फ्लाय, तर माणशी तीन पौंड. हलक्या तंबूने माणशी दीड पौंड वाचणार. दीड पौंड म्हणजे सातशे ग्रॅमच्या आतच. आमच्या पहिल्या सहलीत चकलीचा डबा, लसणाची चटणी आणि "असू दे" म्हणून घेतलेली दोन जादा पँट याहून जड होती. आधी तिथे कात्री लावा. महिनोन्महिने चालणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण आपण वर्षातून तीन शनिवार-रविवार जाणारी माणसं. (खोक्यावर वजनाचे दोन आकडे असतात. लहान आकड्यात पिशव्या आणि कधीकधी मेखाही धरलेल्या नसतात. तुलना करताना मोठाच धरा.)

इतका वेळ स्वतःला आवरलं, आता थोडं रसायनशास्त्र. महाग हलके तंबू बहुधा नायलॉनचे असतात आणि स्वस्तातले पुष्कळदा पॉलिस्टरचे. नायलॉन वजनाच्या मानाने बळकट, यात वाद नाही. पण त्याच्या रेणूतल्या अमाइड गटांना पाण्याची ओढ असते. दमट हवेत नायलॉन वजनाच्या चार टक्के पाणी सहज धरतं, पॉलिस्टर त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंच. पाणी शिरलं की नायलॉन सैलावतं, म्हणून पावसात मध्यरात्री उठून तणावे पुन्हा ओढावे लागतात. पॉलिस्टर ताठ राहतं. म्हणजे स्वस्त तंबूत आपल्याला फायदाही मिळतो, आणि तो कुणी जाहिरातीत सांगत नाही. पोलच्या बाबतीत मात्र पैसे वाचवू नका. फायबरग्लास चिरतो आणि त्याच्या कुसळा हातात जातात. ॲल्युमिनियम वाकला तरी नळीचा तुकडा चढवून रात्र निभावते.

"तंबू गळला" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी विचारते की वरची खिडकी उघडी होती का. दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं. ते बाहेर गेलं नाही तर थंड फ्लायला लागून परत आपल्याच अंगावर. आमच्या त्या रात्री निम्मं पाणी आभाळाचं आणि निम्मं आमचंच असावं, कारण थंडीच्या भीतीने मी सगळ्या झडपा बंद केल्या होत्या. म्हणजे भांडणात मी बरोबर होते, पण ओलाव्याला मीही कारण होते. हे घरी अजून कबूल केलेलं नाही.

परत आल्यावर आम्ही दुसरी चूक केली. ओला तंबू तसाच पिशवीत कोंबून तळघरात ठेवला. पुढच्या वर्षी उघडला तर आतून चिकट आणि आंबूस वासाचा. फ्लायच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा थर असतो. ओल राहिली की पाण्यानेच त्याचे बंध तुटत जातात, आणि ते पुन्हा जुळत नाहीत. तंबू पापडासारखा वाळवावा, मात्र सावलीत, कारण उन्हाने धागा कमजोर होतो. वापरलेला तंबू विकत घेताना म्हणूनच आधी नाक आणि बोट वापरा. वास आला किंवा बोट चिकटलं, तर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

आणखी एक. बरीच वर्षं तंबूच्या कापडाला आगरोधक रसायनं लावली जात. २०१४ साली ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की तंबू उभारल्यावर ती माणसांच्या हातांवर आढळतात. हल्ली काही कंपन्या ती न लावलेले तंबू विकतात, तेव्हा लेबल वाचा. जुना तंबू असला तर घाबरून फेकायला नको, पण उभारल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना लाडू देऊ नका.

घ्यायचा कुठून? आर.ई.आय. हे दुकान मुळात सहकारी संस्था आहे. १९३८ साली सिएटलचे लॉइड आणि मेरी अँडरसन आणि त्यांचे गिर्यारोहक मित्र यांनी ती काढली, कारण बर्फातल्या चढाईची चांगली कुऱ्हाड इथे परवडत नव्हती आणि ती ऑस्ट्रियाहून मागवली तर स्वस्त पडत होती. प्रवरेचा साखर कारखाना पाहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. तहहयात सभासदत्व २०२२ पासून तीस डॉलर आहे. सभासदांनी परत केलेला मालही तिथे कमी किमतीत मिळतो. त्यांचा हाफ डोम मालिकेतला 'प्लस' तंबू बरीच वर्षं विकला गेला, आवृत्तीप्रमाणे चोपन्न ते छप्पन्न इंच रुंद, दोन दारांचा. आम्ही तसाच एक वापरलेला घेतला, वास घेऊन. नवरा आता स्वतःहून तारखा सुचवतो.

राहिला मंडळाचा प्रश्न. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे की मंडळाने असे दोन तंबू घ्यावेत. गणपतीच्या मखराशेजारी कपाटात जागा आहे, मी मोजली आहे. पन्नास डॉलर अनामत ठेवून घरटी एक आठवडा न्यावा, आणि वाळवून परत केल्याशिवाय अनामत मिळणार नाही. "कुणी फाडला तर?" असं खजिनदार विचारतील. फाडला तर मी शिवीन, मला येतं. पण प्रत्येक नव्या जोडप्याने आधी दोनशे डॉलर घालवून मग ठरवावं की हे आपल्याला आवडतं की नाही, हे मला पटत नाही. आपण स्टीलची पातेली उसनी देतो, तबला उसना देतो, तंबूनेच काय घोडं मारलंय?

तोवर ज्यांना बघायचा असेल त्यांच्यासाठी या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मराठी शाळा सुटल्यावर मागच्या हिरवळीवर आमचा तंबू उभारून ठेवते. स्वतःच्या मॅट आणि मोजायची टेप घेऊन या, जोडीने आत आडवे होऊन बघा. चहा मिळेल, तंबूच्या बाहेर.