फसलेल्या वैरणीचा पंचनामा

२०२३ च्या खरिपात वऱ्हाडच्या शेतकऱ्याने एकाच हंगामात तीन निरनिराळे पावसाळे पाहिले. मोसमी पाऊस विदर्भात उतरला तोच जूनच्या चौथ्या आठवड्यात. जुलैत तो नको तितका कोसळला. आणि ऑगस्टमध्ये असा दडून बसला की १९०१ पासूनच्या नोंदींत देशाने इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. त्या महिन्यात देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस पडला. २०२५ ने उलट परीक्षा घेतली. २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचलेला पाऊस पुढे जूनच्या मध्यापर्यंत वाटेतच अडून राहिला, आणि पेरणीची घाई करू नका असे कृषी खात्याला सांगत फिरावे लागले.

असा हंगाम गेला म्हणजे मोर्शी तालुक्यात चर्चा कशाची होते, हे ठरलेले आहे. कपाशीची होते, सोयाबीनची होते आणि संत्र्याच्या फळगळीची तर होतेच होते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला निघतात ते याच पिकांच्या. धुऱ्याला लागून, बरडाच्या एखाद्या तुकड्यात पेरलेली वैरण उगवली की नाही, हे विचारण्याचे कोणाला कारण पडत नाही. शेतकरीही ते सांगत नाही. चाऱ्याचा प्रश्न सार्वजनिक होतो तो मार्च-एप्रिलमध्ये, दावणीची जनावरे बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर. परंतु एप्रिलमधील टंचाईचा निर्णय जुलैतील दहा-पंधरा दिवसांत होऊन गेलेला असतो. या प्रश्नाचे सारे अर्थकारण त्या दहा-पंधरा दिवसांत आहे.

वऱ्हाडात वैरण हे स्वतंत्र पीक कधी नव्हतेच. कापूस आणि ज्वारी या जोडीवर येथील फेरपालट उभी होती. कणीस माणसाचे आणि कडबा जनावराचा, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. चाऱ्यासाठी वेगळे बी, वेगळी जमीन, वेगळी मजुरी यांचा हिशेब कोणी मांडला नाही, कारण कडबा धान्याच्या पाठीवर बसून फुकट घरी येत असे. सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे पहिले वाण १९६४ साली आले आणि ताट बुटके झाले. दाणा वाढला; कडबा घटला. त्यानंतर १९९० च्या पुढे सोयाबीन आले आणि ज्वारीचा पायच उखडला. त्याचा दोष एकट्या सोयाबीनला देता येणार नाही. रेशनच्या गहू-तांदळाने भाकरीची जागा घेतली, खुडणी-मळणीला मजूर मिळेनासा झाला, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या शिवारांत रोही व रानडुकरांपासून ज्वारी राखणे एकट्यादुकट्याच्या आवाक्यात राहिले नाही. गावातले सारेच ज्वारी पेरत असत तेव्हा पाखरांचा आणि श्वापदांचा वाटा सर्वांत विभागला जाई. आता जो पेरील त्याच्याच शेतावर सगळी धाड पडते. सोयाबीनचे कुटार जनावर खाते हे खरे, पण त्याने पोट भरते, अंग धरत नाही.

म्हणजे ज्वारी गेली तेव्हा धान्याबरोबर चाऱ्याचे एक न दिसणारे अनुदानही गेले. त्याची जागा घेण्यासाठी चारा मुद्दाम पेरावा लागू लागला आणि तेथेच त्याची परवड सुरू झाली. उत्तम काळी जमीन कपाशीला, विहिरीचे पाणी संत्र्याला, तिफण आधी सोयाबीनला. वैरणीच्या वाट्याला उरलेला तुकडा, उरलेले बी आणि उरलेला दिवस येतो. मोर्शी आणि वरूड हे तालुके भूजलाच्या शासकीय वर्गीकरणात अतिशोषित ठरलेले आहेत. २०१९ च्या उन्हाळ्यात येथील संत्र्याच्या बागा पाण्याअभावी उभ्या वाळल्या. अशा ठिकाणी उन्हाळ्यात लसूणघासाला पाणी द्यावे असे सांगणारा सल्लागार शहाणा नव्हे. ज्या शेतकऱ्याचे झाड मरत आहे तो गवताला पाणी देणार नाही, आणि त्याने ते देऊही नये. म्हणून येथील चाऱ्याचा खरा आधार खरिपातील पावसावरची वैरण हाच आहे आणि तिचीच उगवण सर्वांत बेभरवशाची आहे.

उगवण फसते तीही एका प्रकारे नव्हे. पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला तर काळ्या जमिनीत पेर दडपते, वरचा थर घट्ट होऊन मोड आतच जिरतो. सखल भागात जमीन चिभडते आणि रोप पिवळे पडून बसते. बरडावर उलट घडते. पावसाने आठ दिवस ओढ दिली की उगवलेले सुकते. तिन्ही ठिकाणी शेत विरळ दिसते, पण उपाय एक नाही, आणि घाईने वखर फिरवणे हा तर सर्वांत महागडा उपाय ठरू शकतो. ज्वारीला फुटवे येतात. रोपे निम्मी उरली असली तरी ती सर्वत्र सारखी विखुरलेली असतील, तर चाऱ्याचे उत्पन्न निम्म्यावर येईलच असे नाही. तुटीचा काही भाग फुटवे भरून काढतात. उरलेली रोपे ठिपक्याठिपक्यांनी, मध्ये मोठी भगदाडे ठेवून असतील तर मात्र ती जागा तणाची होते. केना किंवा हराळी माजली तर ती निदान कापून दावणीला टाकता येते. गाजरगवत माजले तर तोही मार्ग बंद. अशा भगदाडांत आठ-दहा दिवसांच्या आत चवळी किंवा मका टोकून नांग्या भरणे हा खर्चाच्या मानाने सर्वांत फायद्याचा व्यवहार आहे. शेत जवळजवळ रिकामेच असेल तेव्हाच मोडणी करावी, आणि मग पुन्हा तेच लांब मुदतीचे बी न पेरता पन्नास-साठ दिवसांत कापणीला येणारी बाजरी किंवा सत्तर-पंचाहत्तर दिवसांत येणारा मका घ्यावा. हंगामच उलटून गेला असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जेथे दोन-चार पाण्यांची सोय आहे तेथे, ओट.

यात एक धोका असा आहे की त्याची किंमत पैशांत मोजून भागत नाही. पावसाच्या ओढीने खुरटलेली कोवळी ज्वारी, आणि विशेषतः ओढीनंतर सर पडून तिला आलेला नवा फुटवा, यांत विषारी आम्लाचे प्रमाण वाढलेले असते. चाऱ्यासाठी कासावीस झालेला शेतकरी नेमका याच वेळी जनावर त्या शेतात सोडतो, आणि तास-दोन तासांत जनावर आडवे होते. जुनी माणसे ‘किरळ लागली’ म्हणत आणि त्यांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते. ज्वारी गेली तशी ही जाणही विरळ होत चालली आहे. फुलोऱ्यावर येईपर्यंत थांबणे, किंवा कापून नीट वाळवणे अथवा मूरघास करणे, एवढ्याने हा धोका बहुतांशी टळतो.

आता हिशेब. एक बैलजोडी आणि एक गाय एवढीच दावण धरू. दर जनावरी दररोज सहा किलो वाळली वैरण या दराने जानेवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या १५० दिवसांना २७ क्विंटल लागते. चाऱ्याच्या ज्वारीचे चांगल्या व्यवस्थापनात हेक्टरी ४०० क्विंटल हिरवे उत्पादन धरले, तर अर्ध्या एकरातून ८० क्विंटल हिरवी, म्हणजे वाळून सुमारे २० क्विंटल वैरण येते. उरलेली तूट कुटाराने निघते. उगवण फसून हे उत्पादन निम्म्यावर आले, तर १० क्विंटलची, म्हणजे तिन्ही जनावरांच्या ५५ दिवसांच्या पोटाची तूट पडते. या तुटीची सरकारनेच मान्य केलेली किंमत उपलब्ध आहे. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या आपत्ती निवारणाच्या निकषांत छावणीतील मोठ्या जनावरामागे रोजचे ८० रुपये धरले आहेत. त्या दराने ५५ दिवसांचे १३,२०० रुपये होतात. दुसऱ्या पारड्यात जुलैतली दुरुस्ती ठेवावी. हेक्टरी ४० किलो या प्रमाणाने अर्ध्या एकराला सगळे बी पुन्हा टाकायचे म्हटले तरी ते आठ किलो लागते; नांग्या भरायला त्याहून पुष्कळ कमी. बियाण्यापेक्षा मजुरीच अधिक पडेल. दुरुस्तीने तुटीचा अर्धाच भाग भरून निघाला असे मानले तरी ६,६०० रुपयांची वैरण वाचते.

मग शेतकरी ही दुरुस्ती का करीत नाही? आळस किंवा अज्ञान ही उत्तरे देणे सोपे आहे, पण ती खोटी आहेत. जुलैत त्याच्या हाती असलेला प्रत्येक रुपया आणि प्रत्येक मजूर कपाशीच्या डवरणीला आणि सोयाबीनच्या दुबार पेरणीला लागलेला असतो. त्या खर्चाला पीककर्ज आहे, बाजारभाव आहे, विमा आहे. वैरणीला यांतले काहीच नाही. तिची किंमत त्याला जाणवणार ती आठ महिन्यांनी, आणि आठ महिन्यांपुढचा तोटा आजच्या उसनवारीपेक्षा नेहमीच हलका वाटतो. विम्याची स्थिती तर बोलकी आहे. २०१६ पासूनच्या पीकविमा योजनेत ज्वारीचे नुकसान मोजले जाते ते दाण्याच्या उत्पादनावर. दाणा भरला आणि ताट खुरटे राहिले तर कागदावर नुकसान शून्य. पेरणीच होऊ न शकल्यास भरपाई देणारी जी तरतूद त्या योजनेत होती, तीही राज्याने २०२५ च्या खरिपात वगळली. आणि वैरणीचा पंचनामा कोणी केलाच, तर २०२२ च्या निकषांप्रमाणे कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये. अर्ध्या एकराचे झाले १,७००, आणि तेही पेरणीचा हंगाम उलटून गेल्यावर.

पूर्वी अशा वेळी एक शेवटचा मार्ग होता. चारा नसला तर म्हातारा बैल विकून येणाऱ्या पैशात उरलेल्यांची वैरण होत असे. हा व्यवहार कोणाला रुचो वा न रुचो, दुष्काळातील तो एक विमाच होता. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिले नाही. या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. पण ज्या शासनाने कायद्याने जनावर दावणीला ठेवायला लावले, त्याच्यावर त्या दावणीतील वैरणीची काही जबाबदारी येते की नाही, हा प्रश्न अप्रस्तुत म्हणता येत नाही. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान राज्यातील गाय-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर उतरली. याला ट्रॅक्टर हे एक कारण आहे. चारा हे दुसरे. वर्धा नदीपलीकडे आर्वी-कारंजाच्या टापूत जिचे मूळ आहे ती गवळाऊ गाय कमी चाऱ्यावर टिकणारी म्हणून नावाजली गेली, पण ‘कमी’ याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा नव्हे. गावाच्या सामाईक चराईसाठी राखलेली ई-क्लास जमीन अतिक्रमणांनी आणि सरकारी बांधकामांनी कोरत गेली. २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असे बजावले, त्यानंतरही फारसे काही हलले नाही.

या पार्श्वभूमीवर दुधाळ जनावरे वाटण्याची सरकारी हौस मात्र कमी झालेली नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी पश्चिम विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातही दुधाळ जनावरे होती. संकरित गाय दारात आली आणि तिला खायला काय घालायचे याचे उत्तर पॅकेजात नव्हते. २०१६ पासून चाललेल्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाने दूधसंकलनाची घडी बसवली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु दूध वाढवू पाहणारा कोणताही प्रकल्प शेवटी त्या अर्ध्या एकरावर येऊन थांबतो.

सरकारी यंत्रणेची खरी चूक पैशाची नाही, तारखेची आहे. २०२३ साली राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबरला. त्यात अमरावती जिल्ह्यातील एकही तालुका नव्हता. पण असता तरी त्या तारखेला खरिपाच्या वैरणीचे काय होणार होते? चारा छावण्यांचीही तीच गत. २०१८-१९ च्या दुष्काळात त्या उघडल्या त्या मुख्यतः बीड, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगरकडे, आणि तेथेही वैरण संपल्यावर. केनियाच्या मार्साबित भागात २०१० पासून पशुपालकांसाठी एक विमा सुरू झाला. त्यात उपग्रहावरून कुरणांची हिरवळ मोजली जाते आणि ती ठरावीक पातळीखाली गेली की पैसे मिळतात. पंचनाम्याला कोणी जात नाही. पुढे तेथील सरकारने त्यात सुधारणा केली ती अशी की, जनावर मरण्याची वाट न पाहता चारा विकत घेण्याच्या वेळेलाच पैसे हाती यावेत. ती योजना जशीच्या तशी वऱ्हाडात आणता येणार नाही, कारण येथले जनावर कुरणावर नाही तर दावणीला आहे. पण तारखेचा धडा घेण्यासारखा आहे.

महसूल मंडळवार पाऊस मोजणारी महावेधची स्वयंचलित केंद्रे २०१७ पासून राज्यात बसलेली आहेत. एका दिवसात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी, हे त्याच आकड्यांवरून ठरते. पावसाचा खंडही त्यांतूनच कळतो. पेरणीनंतरच्या तीन आठवड्यांत एखाद्या मंडळात यांपैकी काही घडले, तर तेथील पशुपालकांना पंचनाम्याची वाट न पाहता आठवड्याच्या आत चवळी, मका, बाजरीचे चार-आठ किलो बी पंचायत समितीतून मिळावे, यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. अडचण आहे ती बी जुलैत गोदामात असण्याची. टंचाईच्या आराखड्यात वैरणीचे बियाणे असते, पण आराखडाच उन्हाळ्यासाठी लिहिलेला असतो.

फुकट बियाण्याचा गैरवापर होईल, हा आक्षेप येणारच. काही प्रमाणात तो होईलही. बी कोंबड्यांना जाईल, दुकानात परत येईल. छावण्यांतल्या जनावरांच्या संख्येवरून जे घोळ झाले त्यांच्या शेजारी आठ किलो बियाण्याचा गैरवापर ठेवून पाहावा.

मोर्शीला आणखी एक सोय आहे, ती सर्व तालुक्यांना नाही. सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवरील अप्पर वर्धा धरणाचे पाणी हिवाळ्यानंतर उतरू लागले की काठची गाळपेर जमीन ओलीसह उघडी पडते. २०१८-१९ च्या टंचाईत राज्याने धरणांच्या अशा जमिनी नाममात्र एक रुपया भाड्याने चाऱ्यासाठी देण्याचा निर्णय घेतला होता. तो टंचाईपुरता राहिला. तो कायमचा करावा, आणि ज्या मंडळात जुलैत वैरण फसली तेथील पशुपालकांचा त्यावर पहिला हक्क ठेवावा. मात्र त्यासाठी कोणाची वैरण फसली याची नोंद आधी कोठे तरी असायला हवी. २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरील ई-पीक पाहणीत स्वतः करतो. पण धुऱ्याकडेचा तो अर्धा एकर बहुधा शेजारच्या सोयाबीनच्या क्षेत्रातच मोजला जातो.